वशाटाच्या पातेल्यातलं पुडिंग

केळं या फळाबद्दल पूर्वी माझं काही वाईट मत नव्हतं. लहानपणी शिकरण खाल्लं, सत्यनारायणाच्या प्रसादात खाल्लं, मुलगा लहान असताना त्याच्या डब्यात दिलं. मागच्या माघापासून मात्र केळ्याचा वास लांबून आला तरी मला नको होतं. बसमध्ये शेजारच्या बाईने पिशवीतून केळं काढलं की मी खिडकीकडे तोंड करून बसते. त्या बाईला वाटतं, मी शिष्ट आहे.

आमच्या भागात आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हातात काय न्यायचं याचा विचार करायची गरजही कुणाला पडत नाही. डझनभर केळी. कावीळ असो, पाय मोडलेला असो, डोळ्याचं ऑपरेशन असो, केळी. परतूरच्या बसस्टँडबाहेर गाडे उभे असतात, त्यातला एक गाडेवाला गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरूनच ओळखतो आणि पेशंटसाठी का म्हणून विचारतो. हो म्हटलं की सगळ्यात जास्त पिकलेली फणी काढून हातात देतो. आजारी माणसाला मऊ बरी, असं त्याचं म्हणणं. त्याला एकदा घरी आणून आमची मधली खोली दाखवायची माझी फार इच्छा होती.

आमच्या ह्यांनी सगळा जन्म जिनिंगवर कापूस बघण्यात काढला. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, चिमूटभर कापूस ओढून धागा बघायचा आणि प्रत सांगायची. धूळ घशात जाते म्हणून तिथे सगळेच तंबाखू धरायचे, हेही धरायचे, डाव्या गालात. धूळ किती अडली ते माहीत नाही, पण दिवाळीत त्याच गालात आतून फोड आला आणि पौषात संभाजीनगरला ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचा जबडा काढला, जिभेची कड काढली, मांडीची कातडी घेऊन गालाला आतून ठिगळ लावलं. घरी आणलं तेव्हा तोंड एका बोटाइतकं उघडत होतं. आयुष्यभर घरात मोठ्या आवाजात बोललेला माणूस, त्याचं बोलणं आता मला आणि सुनेलाच काय ते कळायचं.

निघताना डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं, तीन आठवड्यांत चार किलो वजन वाढलं तर शेक सुरू करू. शेक म्हणजे मशीनचा, रेडिएशनचा, आमच्याकडे सगळे त्याला शेकच म्हणतात. वजन नाही वाढलं तर शरीराला झेपणार नाही, आणि शेक लांबला तर कापून काढलेलं परत डोकं वर काढेल. म्हणजे सगळं येऊन खाण्यावर थांबलं होतं, आणि हे खात नव्हते. पेज केली, मुगाचं कढण केलं, दुधात भाकरी कुस्करून चाळणीतून काढून दिली. दोन चमचे जायचे, तिसऱ्याला ओठ मिटायचे आणि वाटी तशीच परत. सुनेने वजनाचा काटा आणून ठेवला होता. दोन आठवडे झाले तेव्हा वजन वाढायचं राहिलं बाजूला, दीड किलो उतरलं होतं.

आता खरं ते सांगते. मला ह्यांची किळस येत होती. जखमेला एक वास होता, गोडसर आणि कुजका, आणि तो टॉवेलला, उशीला, पडद्याला लागला होता. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सारखी लाळ गळायची, त्यांना ती कळायची नाही. भरवलेल्या दोन चमच्यांतला एक चमचा हनुवटीवर यायचा. मी चमचा पुढे करायची आणि तोंड दाराकडे करायची, जणू बाहेर कुणी आलंय. नाकावर पदर. माझं स्वतःचं जेवण मी मागच्या पडवीत नेलं, आणि तिथेही घास तोंडात घेतला की तो टॉवेल डोळ्यांपुढे यायचा. माझी मला लाज वाटायची, पण लाजेने किळस जात नाही.

आणि हीच मी, लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवलेली. सासूबाईंचा तसा नियमच होता, नवऱ्याचं जेवण झालं की बायकोने त्याच ताटात वाढून घ्यायचं. आजच्या मुलींना सांगितलं तर त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. पण मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. उलट मी वाट बघायची, कारण हे भाकरीचा वरचा पापुद्रा, करपलेल्या कडेसकट, माझ्यासाठी ताटाच्या कडेला ठेवायचे. मला तो आवडतो हे मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच हेरलं होतं. सासूबाईंना वाटायचं, पोराची भूक कमी झाली.

ते बंद झालं तंबाखूमुळे. जेवण झाल्यावर ताटातच हात धुवायचे आणि ताटातच चूळ टाकायची त्यांना सवय लागली. एके दिवशी त्या पाण्यात तंबाखूचे काळे कण तरंगताना बघितले आणि मी ताट उचलून मोरीत ठेवलं. दुसरं ताट घेतलं. सासूबाई तेव्हा नव्हत्या, त्यामुळे कुणी काही म्हटलं नाही. ह्यांनी ते बघितलं. त्यानंतर पापुद्रा ठेवायचे बंद झाले.

तर माणसं येत होती आणि केळी येत होती. ज्याचं तोंड बोटभर उघडतं त्याच्या उशाशी पिकलेल्या केळ्यांची फणी ठेवायची, दोन मिनिटं हळहळायचं, चहा प्यायचा आणि जायचं. पिंपळगाव रेणुकाईहून नणंद आली. तिच्या पिशवीत रेणुकामातेच्या ओटीतली केळी होती आणि त्यांच्यासोबत ताकीद होती की देवीची आहेत, एकही फेकायचं नाही. ताकीद देऊन ती गेली, केळी राहिली. मधल्या खोलीत गोणपाट अंथरून मी सगळी त्याच्यावर ठेवली. पहिल्या दिवशी पिवळी, तिसऱ्या दिवशी ठिपक्यांची, पाचव्या दिवशी काळी. साल फुटून गर बाहेर आला, त्याचं पाणी गोणपाटात मुरलं, आणि चिलटं उठली. चिलटं आधी केळ्यांवर बसायची, मग खोली ओलांडून ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यावर. दोन्हीकडचा वास हळूहळू मला एकच वाटायला लागला. शेजारच्या गाईला घातली. तिने दोन दिवस खाल्ली, तिसऱ्या दिवशी मान फिरवली. मला त्या गाईचा राग आला नाही, ती शहाणी होती.

मग केदारखेड्याची चुलत जाऊ आली. तिने केळी ठेवली, बसली आणि पदर नाकाला लावला. म्हणाली, "भावजी, जरा तोंड उघडून दाखवा की. कितीक कापलंय ते तरी बघू." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हे आता भिंतीकडे वळतील. त्यांनी खरंच तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. जावेने आत बघितलं, तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि पदराआडून तिने जो काही आवाज काढला तो मांजर आडवं गेल्यावर काढतात तसा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात धरून बाहेर काढावी असं वाटलं. आणि तेव्हाच लक्षात आलं, माझाही पदर नाकावरच होता. तिच्यासारखाच, त्याच बोटांत धरलेला. मी चहा करायचं निमित्त करून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

सून जालन्याची. मुलगा आणि ती दोघंही नोकरीला पुण्यात, पण ती घरून काम करायची परवानगी काढून महिनाभर आमच्याकडे आली होती. पोरगी कामसू, पण तिचा निम्मा जीव मोबाइलमध्ये. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, केळ्याचं पुडिंग करू या. अमेरिकेतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या घरी करतात म्हणे. खाली बिस्किटांचा थर, वर केळ्याच्या चकत्या, त्यावर दूध, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक आटवून केलेलं कस्टर्ड, परत बिस्किटं, परत केळी, आणि सगळ्यात वर अंड्याचा पांढरा फेस. मग भट्टीत भाजायचं. मऊ असतं, चावायला लागत नाही, दूध आहे, अंडी आहेत, वजन वाढेल आणि केळीही संपतील. तिने फोटो दाखवला. मला तो दवाखान्यातल्या कापसाच्या बोळ्यांचा ट्रे वाटला.

आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. मटण, अंडी जे काही व्हायचं ते मागच्या अंगणात, पाणी तापवायच्या चुलीवर, आणि त्याचं ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं. त्या वशाटाच्या पातेल्याची जागा न्हाणीच्या टाकीखाली. सुनेने लग्नात आलेलं काचेचं भांडं काढलं होतं. मी सांगितलं, करायचं तर मागच्या पडवीत कर, आणि वशाटाच्या पातेल्यात कर. काळं बूड आणि पोचे बघून तिने तोंड वाकडं केलं, पण घेतलं.

ती करत होती आणि मी बघत होते, कारण डोळे मिटले तरी वास येतच होता. तिने देवीच्या ओटीतली केळी आधी घेतली. नणंदेचा शब्द राहिला, एकही फेकलं गेलं नाही; वशाटाच्या पातेल्यात गेली हे नणंदेला सांगायची गरज नव्हती. काळी साल ओढली की गर सालीसोबतच यायचा, चकत्या कुठल्या व्हायच्या, बोटांत नुसता चिकट लगदा. तो तिने बिस्किटांवर थापला. बिस्किटं भिजून फुगली. गरम दुधात बलक टाकल्यावर जो वास सुटला तो मी पदराच्या दोन घड्या करूनही थांबवू शकले नाही. अंड्याचं पांढरं फेसायला तिला काहीतरी हवं होतं. मी क्षणभर आत गेले, बाहेर आले तर ती माझ्या ताकाच्या रवीने ते घुसळत होती.

मी पदर आणखी आवळला. बोलायला तोंड उघडलं असतं तर वास आत गेला असता. आईने दिलेली रवी, तिने उभ्या जन्मात ताकाशिवाय काही बघितलं नव्हतं. आता तिला पांढरा, चमकता, बुडबुड्यांचा फेस लागला होता, आणि त्या फेसाला बघून मला ह्यांच्या ओठाचा कोपरा आठवला. मोरीत जाऊन दोन उमासे काढले, तोंड धुतलं आणि परत आले. ती रवी आता वशाटाच्या पातेल्यासोबत टाकीखाली असते.

भट्टी आमच्याकडे नाही. तिने मोठ्या कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, आत मीठ पसरलं आणि त्यावर पातेलं ठेवून पडवीत आणलेला छोटा गॅस लावला. तासाभराने उघडलं तर खालून करपल्याचा वास आणि वर फेस तसाच पांढरा, ओला, कडेने पाणी सुटलेला. फोटोत तो तांबूस होता. पोरगी रडकुंडीला आली. मंद आचेवर ठेवलं, बराबर मीठ घातलं, असं स्वतःशीच म्हणत राहिली. तिला खालची आच कळत होती, वरच्या आचेचं काय करायचं ते तिच्या मोबाइलला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. आम्ही शेतात रोडगे करतो ते गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, खालून आर आणि वरून आर, मधे कणकेचे गोळे. मला त्या पदार्थाबद्दल तिळमात्र माया नव्हती, पण अर्धवट भाजलेलं काही मला बघवत नाही, हा माझा दोष आहे. मी पातेलं उचललं, चुलीपाशी नेलं, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर पाडला, पातेल्यावर जड ताटली झाकली आणि वर उलथन्याने आर पसरला. आता सुनेने नाकाला ओढणी लावली. शेण? खाण्याच्या वर? मी म्हटलं, मागच्या वर्षी तीन रोडगे खाल्लेस ते कशावर भाजले होते. तरी ओढणी काही खाली आली नाही. अंड्याला नाक मुरडणारी मी आणि शेणाला नाक मुरडणारी ती, अशा दोघी पातेल्याच्या दोन बाजूंना तोंडं बांधून बसलो. तिला आधी हसू आलं, मग मलाही. हे दवाखान्यातून आल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

ताटली काढली तेव्हा फेस तांबूस झाला होता आणि कडेला करपट पापुद्रा धरला होता. धुराचा, केळ्याचा आणि अंड्याचा असे तिन्ही वास मिळून आले. मी लांब झाले.

सुनेने वाटी भरली, गार केली आणि ह्यांच्याकडे नेली. मी दारात उभी राहिले. तिने चमचा पुढे केला. ह्यांनी ओठ मिटले. तिने परत केला. ह्यांनी मान हलवली. मला चीड आली. एवढा उपद्व्याप, माझी रवी गेली, आणि हा माणूस मान हलवतोय. मी म्हटलं, नसेल खायचं तर सोड, गाय तर खात नाहीच.

सुनेने चमचा वाटीत ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आई, ते वाटीकडं बघतच न्हाईत. तुमच्या तोंडाकडं बघून राह्यलेत. रोजच बघतेत."

मग ती उठली, वाटी माझ्या हातात दिली आणि आत गेली.

इतके दिवस मी समजत होते की दाराकडे बघितलं की झालं, त्यांना काय कळतंय. ज्या माणसाने चिमूटभर कापसावरून गाडीची प्रत सांगितली, मी न सांगता पापुद्रा हेरला, त्याला माझं तोंड कळत नव्हतं असं मी कसं धरलं कोण जाणे. ते दोन चमचे खायचे, मला बघायचे, आणि मला सोडवण्यासाठी तिसऱ्याला ओठ मिटायचे. माझ्यामुळे ते उपाशी होते. मी दारातून आत आले. मी खाटेच्या कडेवर, त्यांच्या समोर बसले. पदर खाली घेतला.

चमचा भरला आणि माझ्याच तोंडात घातला. गिळगिळीत, कोमट, गोड. जिभेवर फेस विरला आणि खालून अंड्याचा वास आला. डोळ्यांत पाणी आलं. गिळलं. दुसरा चमचा घेतला, त्यात भिजलेलं बिस्किट होतं, ते टाळूला चिकटलं. तेही गिळलं. ते बघत होते, मीही त्यांच्याकडे बघत होते, शिवलेल्या गालाकडे, हनुवटीवरच्या लाळेकडे. तिसरा चमचा ओठाशी नेला आणि पोटातून वर आलं. चमचा परत वाटीत पडला. मी म्हटलं, "न्हाई हो जात मला. खरंच न्हाई जात."

ह्यांनी हात पुढे करून वाटी काढून घेतली. चमचा तोच. माझ्या तोंडातला, माझं उष्टं लागलेला. तो त्यांनी हळूच, तिरपा करून, त्या बोटभर फटीतून आत सरकवला. गिळायला वेळ लागला. निम्मं खाली आलं, टॉवेलने पुसलं, परत चमचा भरला. पाच झाले, सहा झाले.

"तू सोड," ते म्हणाले. शब्द जिभेला नीट सापडत नव्हते, पण मला कळले. "मला चालतं तुझं."

मी तोंड फिरवलं नाही. किळस येत होती, अजूनही येते, ती कुठे गेली नाही. पण फिरवलं नाही. त्यांनी वाटी खरवडून संपवत आणली आणि थांबले. वाटीच्या कडेला फेसाचा करपट पापुद्रा तेवढा ठेवला होता. वाटी माझ्यापुढे केली.

मी तो बोटांनी उचलून खाल्ला. धुराची चव होती, अंड्याची होती आणि त्यांच्या औषधाची होती.

आतून सुनेने विचारलं, कसं झालंय.

"घाण झालंय," मी म्हटलं. "उद्या परत कर."